आधी कोणाचे देणे?

एका कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न २२,००० रुपये. नवरा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर, बायको त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यात टॉवेलच्या काठाला शिलाई मारते. दोघांचाही पगार आठवड्याला. देणी मात्र पाच ठिकाणची. खासगी सावकाराचे ४०,००० शेकडा दहाने, म्हणजे महिन्याला ४,००० नुसते व्याज. मायक्रोफायनान्सच्या दोन गटांचे हप्ते मिळून ४,९००. पतसंस्थेचा हप्ता ३,५००, त्यातले सहा थकलेले. मोबाईल आणि फ्रीजच्या फायनान्सचे १,८००. शिवाय मालकाकडून घेतलेल्या १५,००० च्या उचलीपोटी आठवड्याला ३००, म्हणजे महिन्याला १,२००. बेरीज १५,४००. हातात उरतात ६,६००. त्यात भाडे, किराणा, दोन मुलांची शाळा आणि सासूची शुगरची गोळी.

हे कुटुंब कल्पित आहे आणि पुढे जे दोघे बोलतात तेही. त्यांच्या तोंडचे कायदे, नियम आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. दोघांची मतेही या रस्त्यावरच्या कोणत्याही चहाच्या गाड्यावर ऐकू येतील अशीच.

अण्णा टॉवेलचे छोटे कारखानदार. वडील मिलमध्ये होते; मिल बंद पडल्यावर घरात माग आले. कुटुंबातला नवरा त्यांच्याकडेच कामाला आहे. अक्का पूर्वी विड्या वळायच्या. आता बायकांच्या संघटनेचे काम करतात आणि कर्जात अडकलेल्या माणसाबरोबर बँकेत, पतसंस्थेत, वेळ आली तर पोलीस ठाण्यातही जातात. मुलाच्या वहीतल्या पानावर लिहिलेला वरचा हिशोब त्यांनी अण्णांच्या टेबलावर ठेवला आहे.

"घेतले तर द्यायचे," अण्णा म्हणतात. "तडजोड, सेटलमेंट, सवलत ही सगळी बुडवायचीच सभ्य नावं आहेत ओ अक्का. आज एकाला थोडं सोडलं की उद्या दहा जण रांगेत उभे राहतात. टॉवेल खपले नाहीत म्हणून मी सूतवाल्याला बिल निम्मं करा म्हणतो का?"

"निम्मं करा म्हणत नाही, पण पंधरा दिवस थांबा म्हणता की. पुढच्या तारखेचा चेक देता. तुमचे माग चालू राहिले तरच आपले पैसे येणार, हे त्याला माहीत असतं, म्हणून तो थांबतो. हेच आमच्या बाईनं म्हटलं की ती बुडवी कशी होते?"

"मी थांबा म्हणतो तेव्हा फोन उचलतो. तुमची माणसं नंबर बदलतात."

यावर अक्का वाद घालत नाहीत. तोंड चुकवणे ही कर्जदाराची सर्वात महागडी चूक आहे, हे त्यांनाही मान्य आहे. पहिला हप्ता चुकण्याआधी जो जातो त्याला मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते. सहा हप्ते थकवून जो जातो त्याच्याआधी त्याची फाईल वसुलीच्या टेबलावर पोहोचलेली असते. भांडण आहे ते क्रमाबद्दल. पैसे अपुरे आहेत, तर आधी कोणाला द्यायचे?

अण्णांचे उत्तर व्यवहारी आहे: सावकाराला. तो दारात येतो, गल्लीत आवाज चढवतो. पतसंस्थेची नोटीस टपालाने येते आणि टीव्हीमागे खोचून ठेवता येते. घरोघरी हाच क्रम चालतो. जो जास्त ओरडेल त्याचे आधी.

"आणि तोच उलटा आहे," अक्का म्हणतात. "या बाईनं अकरा महिने चार-चार हजार भरले. चव्वेचाळीस हजार झाले. मुद्दल चाळीस हजार, ते जिथल्या तिथं!"

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारक सावकारालाही दर ठरवून दिलेले आहेत. शेती नसलेल्या माणसाला तारणावर वर्षाला १५ टक्के, विनातारण १८ टक्के. चक्रवाढ व्याज घेता येत नाही आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्रातून मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत आला आणि तिथून आजच्या कायद्यापर्यंत टिकला. शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के. सावकाराला अगदी झुकते माप देऊन १८ टक्क्यांनी मोजले, तरी ४०,००० चे अकरा महिन्यांचे व्याज होते ६,६००. भरलेल्या ४४,००० मधून ते वजा केले तर ३७,४०० मुद्दलात जमा धरायला हवेत. बाकी उरते २,६००.

अण्णा हिशोब पुन्हा करून पाहतात. तो बरोबर आहे, हीच त्यांची अडचण. "कागदावर ठीक आहे. पण पोराला दवाखान्यात नेलं त्या रात्री पैसे कोणी दिले? बँकेनं? आणि उद्या तो माणूस दारात आला तर तुमचे उपनिबंधक येणार आहेत का?"

"रात्री कोणी येत नाही. खरं आहे. म्हणून आम्ही तक्रारीनं सुरुवात करत नाही. आधी चार माणसांसमोर हिशोब मागतो. बहुतेक बायकांना मुद्दल बुडवायचं नसतंच. हे घ्या सव्वीसशे, कोरा चेक आणि बाँड परत द्या, इतकंच म्हणायचं असतं. त्यानं ऐकलं नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज, धमकी दिली तर पोलिसांत."

सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक हेच या कायद्याखाली सावकारीचे जिल्हा निबंधक असतात. त्यांना झडती घेण्याचे आणि कागदपत्रे जप्त करण्याचे अधिकार आहेत. सावकाराने कर्जापोटी गिळलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर चौकशीअंती परत देववण्याचाही अधिकार आहे. विनापरवाना सावकाराला दिवाणी कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. त्याची सगळी ताकद दारातल्या आवाजात असते.

सोलापूरला ही लढाई नवी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, दंगे नगरकडे पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन, मूळ दिले किती आणि घेतले किती, हे पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार दिला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले. दावा लावण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवणारे सलोखाकार नेमण्याची तरतूदही त्यात होती. अक्का करतात ते काम या जिल्ह्यात सरकारी हुद्दा म्हणून दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिले गेले होते.

"ते शेतकऱ्यांसाठी होतं," अण्णा टोकतात. "आजही बघा. २०१७ ला कर्जमाफी, २०१९ ला कर्जमाफी. मागावरच्या माणसाला कधी कोणी माफी दिली?"

"म्हणून तर त्याला बोलणीच करावी लागतात."

मायक्रोफायनान्सकडे आल्यावर बाजू उलटतात. तिथे अक्का चिडून बोलतात आणि अण्णा आकडे काढतात. गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका तिच्या दारात बसतात. वसुली कंपनीची, पण भांडण शेजारणींचे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेले नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुली ठरलेल्या जागीच व्हायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जायचे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईक आणि सोबतच्या कामगारांना त्रास नाही.

"निम्मं म्हणजे या घराला अकरा हजार," अण्णा म्हणतात. "मग पंधराच्या वर गेलेच कसे?"

"सावकार आणि तुमची उचल कुठल्याच रेकॉर्डवर नसते. कंपनीला दिसतं तेवढंच ती मोजते. आणि उत्पन्न किती ते कधीकधी फॉर्म भरणाराच फुगवून लिहितो."

"आणि बाई सही करते."

"करते. तिला त्या दिवशी पैसे हवे असतात."

अण्णांची बहीण तेलंगणात दिलेली आहे. सोलापूरच्या पद्मशाली घरांची सोयरीक अजून तिकडे जुळते. २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून कंपन्यांना वेसण घातली. अक्का हे उदाहरण जाचाचा पुरावा म्हणून देतात. अण्णा त्याचा पुढचा भाग सांगतात: परतफेड जवळजवळ थांबली, कंपन्यांनी तिथे नवी कर्जे देणे आखडले आणि ज्या बायकांना गटातून पैसे मिळायचे त्यांना पुन्हा सावकाराची पायरी चढावी लागली. रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीनंतर नियम बदलले, ते या दोन्ही गोष्टी पाहून.

अक्कांना हा मुद्दा कबूल आहे. त्यामुळे त्यांच्या कागदावर गटाच्या दोन्ही हप्त्यांपुढे बरोबरची खूण आहे. ते चालू आहेत, ते चालूच ठेवायचे.

पतसंस्थेच्या ओळीवर अण्णा जास्त वेळ थांबतात. जामीनदार त्यांच्याच कारखान्यातला दुसरा कामगार आहे. "त्या बिचाऱ्याचं काय? त्यानं मैत्रीत सही केली. उद्या त्याचा पगार कापायचं पत्र मलाच येणार."

कायदा अण्णांच्या बाजूने आहे, किंवा जामीनदाराच्या विरुद्ध म्हणा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागले पाहिजे असे बंधन नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला निघतो आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीला येऊ शकतो. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर देण्याच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. सहा हप्ते थकलेल्या माणसाकडे ती कुठून येणार? बोलायची वेळ दाखल्याच्या आधीची.

"आणि पतसंस्थेत पैसे कोणाचे असतात?" अण्णा विचारतात. "आपल्याच विडीवाल्या बायांचे, पेन्शनवाल्या मास्तरांचे. लक्ष्मी बँकेचं काय झालं विसरलात?"

सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, हे कारण दिले. बँक होती म्हणून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण होते. पतसंस्थेतल्या ठेवींना तो ठेव विमा लागू नाही. तिथले एखादे कर्ज बुडते तेव्हा कोणातरी शेजाऱ्याच्या ठेवीला भोक पडते.

"म्हणून पतसंस्था पहिली," अक्का म्हणतात. "मी तिथं माफी मागायला जात नाही, मुदत मागायला जाते. थकलेले सहा हप्ते शेवटी जोडा, महिना साडेतीन हजारांचा सव्वीसशे करा, वर्षं वाढवा. कर्जदार आणि जामीनदार दोघांनाही सोबत नेते. उत्पन्नाच्या स्लिपा, खर्चाचा कागद आणि एक हप्ता रोख. हात हलवत गेलं तर मॅनेजर मान वर करून बघत नाही."

ही मागणी तोंडी करून भागत नाही. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर संस्थेचा शिक्का आणि तारीख. मिळालेली सवलत ठरावाच्या किंवा पत्राच्या रूपात, नवा हप्ता, शेवटची तारीख आणि माफ झालेले दंडव्याज आकड्यांत. साहेबांनी हो म्हटले होते, या वाक्याला साहेबांची बदली झाल्यावर किंमत नसते.

मुदत वाढवणे वेगळे आणि सेटलमेंट वेगळी, हा फरक अण्णाच बोलून दाखवतात. मेहुण्याने क्रेडिट कार्डाचे देणे निम्म्यात मिटवले आणि नंतर गाडीच्या कर्जाला नकार मिळाला, हे त्यांनी पाहिले आहे. पूर्ण फेडलेले खाते क्रेडिट रिपोर्टवर बंद दिसते, कमी पैशांत मिटवलेले सेटल्ड म्हणून दिसते आणि पुढचा बँकवाला ती नोंद आधी वाचतो. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने किमान बारा महिने नवे कर्ज द्यायचे नाही. तेव्हा एकरकमी पैसे हातात असतील आणि दुसरा मार्ग नसेल तरच सेटलमेंट. पैसे देण्याआधी पत्र घ्यायचे, दिल्यानंतर ना-देय दाखला. घराची कागदपत्रे तारण असतील तर पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ती परत मिळायला हवीत. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

"लोकअदालतीत नेलं तर?" अण्णा विचारतात.

"नेतो की. औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाईन १५१००. दावा दाखल व्हायच्या आधीही प्रकरण ठेवता येतं."

"पण तिथं जोशात सही करू नका." या वेळी सावध करतात ते अण्णा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. महिना ३,००० भरतो असे लिहून दिले आणि २,००० च जमले, तर समोरचा थेट अंमलबजावणीला जातो. अक्का कागदाच्या मागच्या बाजूला ही सूचना लिहून घेतात.

फायनान्स कंपनीच्या १,८०० च्या ओळीशेजारी एक मोबाईल नंबर लिहिलेला आहे. बाईला जाहिरातीतून मिळाला होता. सगळे हप्ते बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवतो, फी आधी. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये अशाच टोळ्यांबद्दल लोकांना सावध केले. फी घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रे देण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. तो नंबर दोघांच्या संमतीने खोडला जातो. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडेच लेखी द्यायची; ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही. चौकशीचा फोन १४४४८.

दिवाळखोरीचा विषय अण्णा अर्ध्या वाक्यात काढतात आणि अक्का तितक्याच लवकर बाजूला ठेवतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत छोट्या कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारे प्रकरण आहे, पण सामान्य माणसासाठी ते लागूच झालेले नाही. सोलापूरच्या माणसाला आजही जिल्हा न्यायालयात १९२० च्या कायद्याखाली जावे लागते. त्यापेक्षा दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० माहीत असलेले बरे. कोर्टाच्या जप्तीत स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माप्रमाणे बाईने अंगावेगळे करायचे नाहीत असे दागिने घेता येत नाहीत. मजुराची मजुरीही जप्त होत नाही. भांडी उचलून नेईन म्हणणाऱ्याला हे ऐकवता येते.

आता कागदावर नवी बेरीज होते. घरखर्च काटकसरीने १२,०००. देण्यांसाठी उरतात १०,०००. सावकाराचे ४,००० थांबले. त्याची २,६०० ची बाकी दिवाळीच्या बोनसमधून. राहिले ११,४००. पतसंस्थेने मुदत वाढवली तर ९०० कमी. १०,५००.

"पाचशे अजून जास्त होतात," अण्णा म्हणतात. "फ्रीजवाल्याला सांगा."

"त्याचे पाचच हप्ते राहिलेत, त्याला हात लावला तर रिपोर्ट खराब होईल. शेवटची ओळ वाचा."

शेवटच्या ओळीत अण्णांची उचल आहे. ते चष्मा काढून पुसतात. "मी व्याज घेत नाही हं अक्का. एक रुपया नाही."

"म्हणून तुमच्याकडे मुदत मागायला सगळ्यात शेवटी आले. आठवड्याला तीनशेचे पावणेदोनशे करा. पैसे पूर्ण मिळतील, वेळ जास्त लागेल."

"आणि तो मध्येच दुसऱ्या कारखान्यात गेला तर? माझी उचल घेऊन तिघं गेलेत."

"हा जाणार नाही म्हणून मी लिहून देऊ शकत नाही. जामीनदार म्हणून सही तर अजिबात करणार नाही."

अण्णा हसतात. घासाघीस सुरू होते. ते अडीचशेवर येतात, मग दोनशेवर. दोनशेच्या खाली नाही. महिन्याचे जे शंभर कमी पडतील ते नवऱ्याच्या तंबाखूतून काढा, म्हणतात. अक्का दोनशे मान्य करतात आणि दुसरी अट घालतात: ऑर्डर नाही म्हणून माग बंद राहिले त्या आठवड्यात कपात करायची नाही.

"बंद आठवड्यात मला बँकेचा हप्ता माफ होतो का?"

"नाही. पण तुम्ही बँकेकडे मुदत मागायला कधी गेलात?"

अण्णा गेलेले नाहीत. त्यांच्या कॅश क्रेडिट (सीसी) खात्याचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे आणि दोन मोठ्या व्यापाऱ्यांकडे त्यांचे बिल अडकले आहे. ते टेबलाच्या खणातून स्वतःचा एक कागद काढतात, अक्कांच्या कागदाशेजारी ठेवतात आणि त्या व्यापाऱ्यांना काय लिहायचे ते विचारतात. बंद आठवड्याच्या अटीवर त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.